राखणदारांची फौज

शहाद्याची जमीन काळी, कसदार, ऊस-कापसाची. आज ती नंदुरबार जिल्ह्यात येते; १ जुलै १९९८ ला हा जिल्हा झाला, त्याआधी तालुका धुळ्यात होता. या मातीचे जुने कसणारे भिल्ल गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत तिच्यावरच सालदार होऊन राबू लागले होते. पेरणीला सावकाराची उचल, कागदावर अंगठा, काही वर्षांनी सातबाऱ्यावर दुसऱ्याचे नाव. कितीतरी शेते अशीच गेली.

गेलेली जमीन राखायला माणसे लागतात. त्यासाठी गावोगाव पीक संरक्षण सोसायट्या होत्या. शेतमालकांकडून एकराप्रमाणे वर्गणी घ्यायची आणि त्यातून शस्त्रधारी राखणदार पोसायचे. नाव पिकाचे, पण धाक माणसांना. बांधावरचे गवत कापले, सरवा वेचला, तरी चोरीचा आळ यायचा. काल जे शेत आपले होते त्यातला पडलेला दाणा उचलणे आज गुन्हा ठरावा, याहून मोठा अन्याय मला सुचत नाही. मे १९७१ मध्ये पाटीलवाडीला आदिवासींवर गोळ्या झाडल्या गेल्या, त्यात एकाचा जीव गेला, तेव्हा कुठे मुंबई-पुण्याचे लक्ष इकडे वळले.

काँगोतल्या इतुरीची आठवण येथे होते. तिथे १९९९ ते २००३ दरम्यान हेमा आणि लेंडू या जमातींच्या सशस्त्र टोळ्यांच्या लढाईत पन्नास हजारांवर माणसे गेली. जगाने तिथल्या सोन्याच्या खाणी पाहिल्या. ठिणगी मात्र जमिनीच्या कागदाची होती. तिथल्या १९७३ च्या कायद्याने लोक राहत असलेली जमीनही विकत घेता येई, आणि दोन वर्षे हरकत आली नाही तर राहणाऱ्यांना हुसकता येई. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही, ते हरकत घेणार कुठे?

शहाद्यात इतुरी घडली नाही. माझ्या मते त्याचे मोठे कारण हे, की दुसऱ्या बाजूने आपली फौज उभारली नाही, संघटना उभारली. सर्वोदयाच्या संस्कारातले भिल्ल नेते अंबरसिंग सुरतवंती पुढे होते. जानेवारी १९७२ मध्ये शहाद्याला भूमुक्ती मेळावा भरला, त्याच वर्षी श्रमिक संघटना झाली. पुण्या-मुंबईची शिकलेली मुले, त्यांत अभियंता कुमार शिराळकर, येऊन राहिली. बायांनी दारूची मडकी फोडली. अंबरसिंग १९७४ मध्येच गेले.

पुढच्या वर्षी, १ नोव्हेंबर १९७५ ला, आदिवासींना जमिनी परत देण्याचा कायदा महाराष्ट्रात लागू झाला. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात रीतसर कागद करून गेलेली जमीनही त्यात परत मागता येत होती. अट एकच जाचक: जमिनीवरच्या सरकारी साऱ्याच्या, म्हणजे आकाराच्या, ४८ पट रक्कम, वर सुधारणांची किंमत, आदिवासीनेच भरायची. ज्याच्या हातून जमीन गेली त्यालाच पुन्हा पैसे मोजायला लावणारा हा न्याय मला अर्धाच वाटतो.

शहादा-तळोद्याकडच्या वाचकांना एक विनंती. तलाठ्याकडे आपल्या गावाचे फेरफार रजिस्टर, गाव नमुना सहा, काढा आणि १९५७ पासूनच्या नोंदी वाचा. कोणाचे नाव केव्हा कमी झाले, ते तिथे लिहिलेले आहे.