बोरघाटाचा उतार आणि हॉलिवूडचा थरार

हॉलिवूडच्या मारधाडीच्या आणि थरारक चित्रपटांविषयी मराठी रसिकांत साधारणपणे दोन टोकांची मते आढळतात. काहींच्या दृष्टीने हे चित्रपट म्हणजे मोटारींची मोडतोड, स्फोट आणि गोळीबार यांची नुसती रेलचेल असते. तर काहींना त्यांची तांत्रिक सफाई इतकी थोर वाटते की तिच्यापुढे इतर कुठल्याही चित्रपटसृष्टीचे नाव घेणे त्यांना पटत नाही. या दोन्ही मतांत मूळ प्रश्न बाजूलाच राहतो, आणि तो म्हणजे पडद्यावरचा प्रसंग खोटा आहे हे ठाऊक असूनही प्रेक्षकाचा श्वास नेमका कशामुळे रोखला जातो. या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी रायगड जिल्ह्यातील कर्जत आणि खालापूर हे दोन तालुके विशेष उपयोगी आहेत, कारण यंत्र आणि चढण यांचा खराखुरा संघर्ष येथील रेल्वेमार्गावर रोज घडतो आणि पडद्यावरच्या खोट्या जगाची उभारणीही याच परिसरातील एका स्टुडिओत झालेली आहे.

प्रथम संज्ञा स्पष्ट करणे आवश्यक आहे. ज्या चित्रपटात कथेतील पेच मुख्यतः शारीरिक कृतीने, म्हणजे पाठलाग, झुंज, उडी किंवा सुटका यांनी सुटतो, त्याला साहसपट म्हणता येईल. आणि ज्यात पुढे काय घडणार याच्या ताणाखाली प्रेक्षकाला ठेवले जाते, तो थरारपट होय. व्यवहारात हे दोन प्रकार एकमेकांत मिसळलेले असतात, तरीही हा भेद ध्यानात ठेवावा लागतो, कारण कृती कितीही प्रचंड असली तरी तिच्यामागे ताण नसेल तर ती पाच मिनिटांत कंटाळवाणी होते. आल्फ्रेड हिचकॉक यांनी फ्रान्स्वा त्रुफो यांच्याशी झालेल्या प्रसिद्ध संवादात याचे मर्म सांगितले आहे. टेबलाखालचा बॉम्ब अचानक फुटला तर प्रेक्षक क्षणभर दचकतो. पण बॉम्ब तेथे आहे आणि तो कधी फुटणार हे प्रेक्षकाला आधी कळले, तर टेबलाभोवतीच्या माणसांच्या साध्या गप्पाही त्याला असह्य होतात, असा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे. याचा अर्थ असा की उत्कंठा अज्ञानातून जन्मत नाही, ती माहितीतून जन्मते. धोका कोठे आहे, तो किती अंतरावर आहे आणि तो टाळण्यासाठी कोणती साधने हाताशी आहेत, हे प्रेक्षकाला जितके नेमके कळते तितका थरार खोल जातो.

या कसोटीचे सर्वांत चांगले उदाहरण बोरघाटाच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसाला सहज समजेल असे आहे. १८६३ साली खुल्या झालेल्या या घाटमार्गावर गाडी कोकणातून थेट सह्याद्रीच्या माथ्यावर चढते, आणि चढण ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेल्यावर १ मीटर वर, इतकी तीव्र असल्यामुळे पुण्याकडे जाणाऱ्या बहुतेक गाड्यांना कर्जत स्थानकात मागून जादा इंजिने जोडावी लागतात. या इंजिनांना रेल्वेच्या भाषेत बँकर म्हणतात. वडा घेण्यासाठी फलाटावर उतरलेल्या प्रवाशाला शेवटच्या डब्याला बसलेला हलका धक्का जाणवतो, तो बँकर जोडला गेल्याची खूण असतो. बँकर गाडीला मागून रेटतात आणि त्याच वेळी चढणीवर गाडी मागे घसरण्याचा धोकाही कमी करतात. उतरणीचा प्रश्न याहून गंभीर असतो. वजनदार गाडीचा वेग एकदा हाताबाहेर गेला की ब्रेक तापतात आणि त्यांची पकड घटत जाते, म्हणून घाट उतरणाऱ्या गाड्यांना ठरावीक ठिकाणी थांबून ब्रेकची खात्री करून घ्यावी लागते. त्यातूनही एखादी गाडी अनावर झालीच, तर तिला मुख्य मार्गावरून बाजूला घेऊन थोपवण्यासाठी वेगळा फाटा राखलेला असतो, ज्याला कॅच साइडिंग असे नाव आहे.

टोनी स्कॉट यांचा २०१० सालचा ‘अनस्टॉपेबल’ हा चित्रपट याच भीतीवर उभा आहे. त्याला आधार आहे तो १५ मे २००१ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात घडलेल्या घटनेचा. यार्डातील सांधा बदलण्यासाठी चालक इंजिनातून खाली उतरला, वेग कमी करण्याऐवजी वाढवणाऱ्या स्थितीत इंजिन राहून गेले, वाघिणींचे हवेचे ब्रेक इंजिनाशी जोडलेले नव्हते, आणि ४७ वाघिणींची मालगाडी चालकाविना निघून गेली. त्यांपैकी काही वाघिणींत विषारी फिनॉल होते. सुमारे १०६ किलोमीटर धावल्यानंतर दुसऱ्या इंजिनाने मागून गाठून, शेवटच्या वाघिणीला स्वतःला जोडून आणि आपले ब्रेक लावून तिचा वेग उतरवला, तेव्हा एका कर्मचाऱ्याला पळत जाऊन पुढच्या इंजिनावर चढता आले. म्हणजे कर्जतला मागे जोडलेले इंजिन गाडी वर रेटण्याचे जे काम करते, तेच उलट दिशेने, गाडी मागे खेचण्यासाठी, तेथे करण्यात आले.

चित्रपटात ही जबाबदारी डेंझेल वॉशिंग्टन यांनी साकारलेल्या अनुभवी चालकावर आणि क्रिस पाइन यांनी साकारलेल्या नवख्या कंडक्टरवर येऊन पडते. या चित्रपटाचे यश असे की तो प्रेक्षकाला गाडी थांबवण्याचे उपाय एकेक करून शिकवतो आणि प्रत्येक उपाय का फसतो तेही दाखवतो. पुढे दुसरे इंजिन घालून वेग रोखण्याचा प्रयत्न उधळला जातो, गाडी रुळांवरून उतरवण्याची युक्ती वाया जाते, आणि शेवटी मागून जोडणी करण्याचा एकच मार्ग उरतो. जोडणीच्या प्रसंगात दिग्दर्शक घाई करत नाही. दोन कपलिंग एकमेकांवर आदळतात, पण खीळ नीट बसत नाही. धावत्या गाडीच्या टोकाशी लटकलेला कंडक्टर ती पायाने ठोकून बसवतो आणि त्यात त्याच्या पायाला गंभीर इजा होते. त्यानंतर चालक वाघिणींच्या छतांवरून धावत एकेका वाघिणीचा हातब्रेक आवळत जातो. पुढे उंचावरचे एक वळण आहे, त्याच्या खाली इंधनाच्या टाक्या आहेत, आणि ठरावीक वेगापेक्षा जास्त वेगाने गाडी तेथे आली तर ती कलंडणार, हे प्रेक्षकाला कितीतरी आधी सांगून ठेवलेले असते. हिचकॉक यांच्या टेबलाखालचा बॉम्ब येथे वळणाच्या रूपाने येतो. चित्रपटातील वृत्तवाहिन्यांचा गदारोळ आणि कंपनीच्या कचेरीतील वादावादी मात्र त्यामानाने सामान्य आहे. यंत्र, वजन आणि अंतर यांचे गणित जेव्हा पडद्यावर मांडले जाते, तेव्हाच हा चित्रपट अव्वल ठरतो.

हीच कसोटी इतर गाजलेल्या चित्रपटांना लावता येते. जॉन मॅकटिअर्नन यांच्या ‘डाय हार्ड’मध्ये (१९८८) संपूर्ण संघर्ष एका उंच इमारतीत घडतो, आणि अर्ध्या तासात प्रेक्षकाला तिचे मजले, लिफ्टचे बोगदे आणि गच्ची इतकी परिचित होतात की नायक कोठे अडकला आहे हे वेगळे सांगावे लागत नाही. ‘स्पीड’मध्ये (१९९४) बसचा वेग ताशी ५० मैलांच्या, म्हणजे सुमारे ८० किलोमीटरच्या खाली आला की स्फोट होणार, हा एकच नियम आहे, त्यामुळे वाहतुकीची कोंडी किंवा अपुरा पूल यांसारख्या नेहमीच्या अडचणी जीवघेण्या ठरतात. ‘द फ्युजिटिव्ह’मधील (१९९३) रेल्वे अपघातासाठी नॉर्थ कॅरोलायना राज्यात खरी गाडी आदळवण्यात आली, आणि बस्टर कीटन यांनी तर १९२६ सालच्या ‘द जनरल’मध्ये खरे वाफेचे इंजिन जळत्या पुलावरून नदीत कोसळवले. या दोन्ही दृश्यांत लोखंडाचे वजन डोळ्यांना जाणवते, आणि म्हणूनच ती इतक्या वर्षांनंतरही जुनी वाटत नाहीत.

याच्या उलट, गेल्या दोन दशकांत एक वाईट सवय पसरली आहे. पॉल ग्रीनग्रास यांचा ‘द बोर्न सुप्रीमसी’ (२००४) गोव्यात सुरू होतो, आणि तेथील अरुंद रस्त्यांवरचा पाठलाग जीप नदीत कोसळण्यापर्यंत जातो. हातात धरलेल्या, हलत्या कॅमेऱ्याने आणि अत्यंत लहान तुकड्यांच्या संकलनाने ग्रीनग्रास यांनी पळणाऱ्या माणसाची घालमेल दाखवली, आणि ती त्या कथेला शोभून दिसली. पुढे अनेकांनी त्या शैलीचा बाह्य भाग तेवढा उचलला. ‘टेकन ३’मध्ये (२०१४) नायक एक कुंपण ओलांडतो, तेवढ्या काही सेकंदांच्या कृतीचे डझनभराहून अधिक तुकडे केलेले आहेत, आणि परिणामी माणूस कोठून कोठे गेला हेच कळत नाही. प्रेक्षकाला जागा कळली नाही की धोका कळत नाही, आणि धोका कळला नाही की उरतो तो नुसता गोंगाट. या दोषावरचा उतारा स्टंटच्या, म्हणजे जोखमीच्या कसरतींच्या, क्षेत्रातून आलेल्या दिग्दर्शकांनी दिला. ‘द मॅट्रिक्स’मध्ये किआनू रीव्हज यांच्या जागी कसरती करणारे चॅड स्टाहेल्स्की यांनी ‘जॉन विक’मध्ये (२०१४) झुंजी सलग आणि दुरून दाखवल्या, तर सॅम हारग्रेव्ह यांनी ‘एक्स्ट्रॅक्शन’मध्ये (२०२०) सुमारे १२ मिनिटांचा पाठलाग एकाच दमात चित्रित केल्यासारखा उभा केला.

‘एक्स्ट्रॅक्शन’चे कथानक ढाक्यात घडते, पण त्याचे मुख्य चित्रीकरण भारतात आणि थायलंडमध्ये झाले. एखादे शहर दुसऱ्याच देशात उभे करण्याची ही विद्या म्हणजे कलादिग्दर्शन होय, आणि येथे खालापूर तालुक्यातील चौकजवळच्या एन. डी. स्टुडिओचा संबंध येतो. कलादिग्दर्शक नितीन चंद्रकांत देसाई यांनी तो २००५ साली सुरू केला. लोक त्याला कर्जतचा स्टुडिओ म्हणून ओळखतात. ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’, ‘हम दिल दे चुके सनम’, ‘लगान’ आणि ‘देवदास’ या चार चित्रपटांसाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले होते. ऑलिव्हर स्टोन यांच्या ‘अलेक्झांडर’ या चित्रपटासाठी भारतात स्थळांचा शोध चालू असताना आंतरराष्ट्रीय दर्जाच्या स्टुडिओची उणीव जाणवली आणि त्यातून या प्रकल्पाची कल्पना आली, असे देसाई सांगत असत. ‘अलेक्झांडर’ २००४ साली प्रदर्शित झाला, तेव्हा झेलमच्या काठी पोरसाच्या हत्तीदळाशी झालेले सिकंदराचे युद्ध त्यात थायलंडच्या अरण्यात चित्रित झालेले होते. भारतीय उपखंडाच्या भूमीवर लढले गेलेले युद्ध उपखंडाबाहेर उभे राहिले, याची खंत कोणत्याही चित्रपटप्रेमीला वाटावी अशीच आहे.

चौकच्या स्टुडिओत ‘जोधा अकबर’साठी (२००८) आग्र्याच्या किल्ल्याचा भव्य सेट उभारण्यात आला होता, आणि मे २०२१ मध्ये स्टुडिओत लागलेल्या आगीत त्याची मोठी हानी झाली. सेटचे काम पार्श्वभूमी सजवण्यापुरते नसते. दरवाजा कोठे उघडतो, जिना किती रुंद आहे, कॅमेरा कोणत्या कोनातून फिरू शकतो आणि झुंजणाऱ्याला पडायला जागा किती मिळते, हे सारे सुतार, रंगारी आणि मूर्तिकार यांच्या हातांनी आधीच ठरलेले असते. त्यामुळे ‘डाय हार्ड’च्या इमारतीत जे प्रेक्षकाला सहज उमगते, त्याचा पाया नेपथ्यकाराने घातलेला असतो. २ ऑगस्ट २०२३ रोजी देसाई यांचे याच स्टुडिओत निधन झाले, आणि त्यानंतर या वास्तूचा कारभार राज्याच्या चित्रपट, रंगभूमी व सांस्कृतिक विकास महामंडळाकडे आला.

कसरतकारांच्या श्रमांना जगाने आता कोठे न्याय द्यायला सुरुवात केली आहे. ऑस्कर पुरस्कार देणाऱ्या अकादमीने एप्रिल २०२५ मध्ये स्टंट रचनेसाठी स्वतंत्र पुरस्कार जाहीर केला, आणि तो २०२७ मध्ये प्रदर्शित होणाऱ्या चित्रपटांपासून दिला जाणार आहे. जवळपास शंभर वर्षे ज्यांच्या हाडांवर हा चित्रप्रकार उभा राहिला, त्यांच्यासाठी हा निर्णय उशिरा झाला असला तरी योग्य आहे.

या सर्व विवेचनातून निघणारा निष्कर्ष स्पष्ट आहे. पैसा आणि संगणकीय करामत यांनी भव्यता विकत घेता येते, पण थरार विकत घेता येत नाही. तो जागेची जाण, वजनाची प्रचीती आणि धोक्याची आगाऊ माहिती यांतून घडवावा लागतो. कर्जत-खालापूर पट्ट्यात तीव्र चढणीचा घाट आहे, शंभराहून अधिक वर्षांची रेल्वे परंपरा आहे आणि सार्वजनिक मालकीखाली आलेला स्टुडिओ आहे. महामंडळाने या स्टुडिओत चित्रीकरणासाठी जागा भाड्याने देण्यावरच समाधान न मानता नेपथ्य, सुरक्षित स्टंट आणि संकलन यांचे नियमित प्रशिक्षण सुरू करावे आणि त्यात परिसरातील तरुणांना प्राधान्य द्यावे. प्रेक्षकांनीही पुढचा साहसपट पाहताना स्फोट मोजण्याऐवजी एकच प्रश्न स्वतःला विचारावा, की या क्षणी कोण कोठे आहे आणि कशापासून किती दूर आहे हे आपल्याला नेमके कळते आहे का. ते कळत असेल, तर तो चित्रपट चांगल्या हातांनी घडवलेला आहे असे खुशाल समजावे.