नाताळाचं सोरपोतेल, टॅपरूमची बिअर आणि उरलेल्या 12 प्लेट्स

व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून राहिलेलं इथे सविस्तर लिहितोय. वही-पेन घेऊन बसा, मध्ये थोडा हिशोब आहे.

आमच्या बॅचमध्ये वसईच्या एक ताई होत्या. घरून नाताळाच्या ऑर्डर घेतात. सोरपोतेल, इंदियाल, फुगे, कुलकुल. बॉटल मसाला स्वतः भाजून, कुटून भरतात. मागच्या डिसेंबरात त्यांना मुंबईतल्या एका टॅपरूमची ऑर्डर आली. टॅपरूम म्हणजे जिथे छोट्या ब्रुअरीची ताजी बिअर थेट नळातून ग्लासात देतात ती जागा. 24 तारखेच्या रात्रीसाठी 40 प्लेट सोरपोतेल आणि फुगे. टॅपरूमवाल्यांनी फळ्यावर लिहिलं, ‘नाताळ स्पेशल’, आणि सोबत त्यांची सगळ्यात कडू, सगळ्यात महाग बिअर लावली. इंडिया पेल एल, म्हणजे आयपीए.

रात्री साडेअकराला ताईंचा फोन. ‘सर, 12 प्लेटी तशाच राहिल्या. ज्या गेल्या त्याही अर्ध्या परत आल्या. लोक म्हणतात फार तिखट, कडवट लागतं. माझं सोरपोतेल बिघडलं का हो?’

सोरपोतेल अजिबात बिघडलं नव्हतं. मी दुसऱ्या दिवशी त्याच भांड्यातलं खाल्लंय. बिघडली होती ती जोडी. आणि जोडी ठरवताना ताईंना कोणी विचारलंच नव्हतं, त्यांनीही विचारलं नव्हतं. तुम्ही खाण्याचा धंदा करत असाल आणि सणाच्या दिवसांत अशी ऑर्डर घेणार असाल, तर बिअर हा तुमचा विषय नाही असं म्हणून चालत नाही. ती प्यायलीच पाहिजे असं नाही. मी स्वतः अर्ध्या ग्लासापुढे जात नाही. पण तुमच्या पदार्थाशेजारी काय ठेवलं जाणार, हे माहीत हवं.

आता त्या रात्री तोंडात काय झालं ते बघा. सोरपोतेलमध्ये तीन गोष्टी जोरात असतात. तिखट, व्हिनेगरचा आंबटपणा आणि डुकराच्या मांसाची चरबी. शिवाय काळीज असतं, त्याची स्वतःची एक हलकी कडवट चव. आयपीएमध्ये हॉप्स भरपूर. हॉप्स म्हणजे एका वेलीची फुलं, बिअरला कडूपणा आणि वास त्यातून येतो. हा कडूपणा मोजायचं एक माप आहे, आयबीयू. गव्हाच्या बिअरमध्ये तो साधारण 8 ते 15 असतो, आयपीएमध्ये 40 ते 70. कडूपणा, अल्कोहोल आणि फसफस, तिन्ही मिळून तिखटाचा जाळ वाढवतात. बिअरने तिखट विझतं असा आपल्याकडे समज आहे. पहिल्या घोटाला गार लागतं म्हणून तसं वाटतं, पुढच्या मिनिटाला जास्त भाजतं. त्यात काळजाचा कडवटपणा हॉप्सच्या कडूपणाला जाऊन मिळाला. गिऱ्हाईक बिअरला दोष देत नाही, कारण बिअर त्याच्या ओळखीची असते. दोष येतो प्लेटवर.

टॅपरूममध्ये तुम्हाला काय मिळणार

महाराष्ट्रातली पहिली मायक्रोब्रुअरी, डूलाली, 2009 मध्ये पुण्यात सुरू झाली. त्यानंतर पुणे-मुंबईत बऱ्याच झाल्या, गोव्यातही. फळ्यावर नावं चित्रविचित्र असतात, पण खाली बघितलं तर प्रकार चार-पाचच. याला धंद्याचं कारण आहे आणि ते तुम्हाला लगेच कळेल. बिअरची टाकी म्हणजे तुमचा तवा. एक पोळी तव्यावर जितका वेळ, तितका वेळ दुसरी टाकता येत नाही. लागर जातीची बिअर थंडीत सावकाश तयार होते, तिला महिना-दीड महिना टाकी अडवून ठेवावी लागते. गव्हाची बिअर आणि इतर एल साधारण दोन आठवड्यांत निघतात. म्हणून छोट्या ब्रुअरीत गव्हाची बिअर जवळपास नक्की असते. आणि आपल्या सुदैवाने, आपल्या मसाल्याच्या जेवणाला तीच सगळ्यात सोयीची.

ही जर्मन पद्धतीची असेल तर फळ्यावर हेफेवाइझन लिहिलेलं असतं. रंग गढूळ पिवळा, वर जाड फेस. वास घ्या, पिकलेलं केळं आणि लवंग येते. यात केळंही नसतं आणि लवंगही नसते. आंबवताना यीस्टच तो वास तयार करतं. आता ताईंचा बॉटल मसाला आठवा, त्यात लवंग, दालचिनी आहेच. म्हणजे बिअरचा वास आणि मसाल्याचा वास एकाच घरातले. कडूपणा कमी, त्यामुळे तिखट भडकत नाही. गव्हामुळे घोट जरा जाडसर, मऊ लागतो. आणि फसफस भरपूर असल्यामुळे चरबीचा थर जिभेवरून निघून जातो, दुसरा घास पहिल्यासारखा लागतो. सोरपोतेलला हीच द्यायला हवी होती. बेल्जियन पद्धतीची असेल तर तिच्यात संत्र्याची साल आणि धणे घातलेले असतात. हो, आपलेच धणे. ती तळलेल्या मासळीला, कोळंबीला, कोथिंबीर-मिरचीच्या हिरव्या वाटणाला छान जाते.

फुग्यांचं तर नातंच आहे. फुगे पूर्वी ताडीने फुगवायचे, आता बहुतेक जण यीस्ट वापरतात. बिअर आंबवणारं आणि पीठ फुगवणारं यीस्ट एकाच कुळातलं. तळलेल्या, किंचित गोडसर पिठाला कुठलीही हलकी बिअर चालते. फुगे तिखट शोषतात, हा त्यांचा खरा उपयोग. ताईंच्या प्लेटमध्ये दोनच फुगे होते, ते तीन असते तरी थोडं सांभाळलं गेलं असतं.

फिकी, स्वच्छ बिअर, ब्लाँड किंवा कोल्श किंवा लागर, बोंबील फ्रायला, कटलेटला, बटाट्याच्या चॉप्सला. यात डोकं लावायची गरज नाही.

आयपीए वाईट नसते हो. गोव्याची एट फिंगर एडी लोक आवडीने पितात. ती द्या खारट आणि खमंग गोष्टींबरोबर. भाजलेले काजू, चीजचे तळलेले प्रकार, कमी तिखटाचं भाजलेलं मांस. व्हिनेगर आणि लाल मिरची एकत्र असेल तिथे तिला लांब ठेवा.

कोकम किंवा जांभूळ घातलेली आंबट बिअरही अधूनमधून फळ्यावर असते. तेलकट मासळीबरोबर सुंदर. पण व्हिनेगरच्या रश्श्याबरोबर आंबटावर आंबट होतं, आधी चाखल्याशिवाय जोडी लावू नका.

गोडाची गंमत

गोडाचा एकच नियम लक्षात ठेवा. पदार्थ खूप गोड आणि बिअर कोरडी, तर बिअर पाणचट आणि कडू लागते. म्हणून नाताळाच्या ताटातल्या गोडाला काळी बिअर, स्टाउट. तिच्यात भाजून काळं केलेलं धान्य असतं, त्यामुळे कॉफी-चॉकलेटसारखी चव येते. फ्रूट केक, काळ्या गुळाचा दोदोल, बेबिंका या सगळ्यांत करपलेल्या साखरेची नाहीतर गुळाची एक गडद चव असते, ती स्टाउटला बरोबर सापडते. कुलकुल आणि नेवऱ्यांना मात्र स्टाउट जड होते. तिथे मीड बघा. मधापासून आंबवलेलं पेय, पुण्यात मूनशाइन मीडरी ते करते. नेवरीतल्या खोबऱ्याला मधाची चव पटकन मिळते. मार्झिपानबरोबर काय द्यायचं याचं समाधानकारक उत्तर मला अजून सापडलेलं नाही. मी काळा चहा देतो.

चहावरून आठवलं. टेबलावरचे सगळे पीत नाहीत. त्याच प्लेटसाठी कोकम सोडा किंवा आल्याचं सरबत मेन्यूवर असलंच पाहिजे, आणि त्याच मानाने लिहिलेलं असलं पाहिजे. सणाला कुटुंबं येतात. चारातल्या दोघांना काही नसेल तर ते टेबल पुढच्या वेळी दुसरीकडे जातं.

चाखणी कशी करायची

ऑर्डर नक्की करण्याआधी टॅपरूममध्येच जाऊन करा. त्यांचा परवाना, त्यांची जागा, म्हणजे कायद्याचा प्रश्न तिथेच सुटतो. वेळ दुपारी 4, गर्दी नसते. पाच माणसं पुरे, त्यातली दोन तरी रोज तिखट न खाणारी असावीत. आपण आपल्याच हातच्या तिखटाला सरावलेलो असतो. पदार्थ तुमच्या घरून जसा जाणार तसाच, त्याच डब्यात, पुन्हा गरम करून. सोरपोतेल दोन-तीन दिवस मुरलेलंच न्या, त्या दिवशी केलेलं नको, कारण गिऱ्हाईक मुरलेलं खाणार आहे.

आधी घास, मग घोट, मग परत घास. हा दुसरा घास महत्त्वाचा. तो पहिल्यापेक्षा बरा लागला की जोडी जमली, जास्त तिखट किंवा कडू लागला की नाही जमली. प्रत्येकाने कागदावर फक्त एवढंच लिहायचं, ‘बरा’ की ‘वाईट’. एकमेकांशी बोलायचं नाही. ब्रुअर शेजारी उभा असेल तर लोक भिडस्त होतात, त्याला गोड बोलून आत पाठवा.

बिअर बर्फासारखी गार आली तर पाच मिनिटं थांबा. 2 अंशाला कुठलीच चव कळत नाही. गव्हाची 6 ते 8 अंशाला, स्टाउट 10 ते 12 ला बोलायला लागते. आणि ग्लासाकडे बघा. फेस ओतल्या ओतल्या बसला तर बऱ्याचदा ग्लासाला तेलाचा किंवा साबणाचा अंश असतो. तुमच्या तळणीचे हात लागलेले ग्लास फेस मारतात, हे वाढपी पोरांना सांगून ठेवा.

आता पैशाचं

ताईंच्या 24 तारखेचा हिशोब मांडतो, आकडे गोल केलेत. एका प्लेटला सामान 78 रुपये, पॅकिंग 9, पोचवणं 13, गॅस आणि मदतनीस 30. एकूण 130. टॅपरूमला दर 190. 40 प्लेट गेल्या असत्या तर 7,600 रुपये येऊन 2,400 सुटले असते. करार तोंडी होता आणि ‘जेवढ्या विकल्या तेवढ्याचे पैसे’ असा होता. 28 प्लेट विकल्या गेल्या, 5,320 रुपये आले. खर्च 5,200. तीन दिवसांच्या कष्टाचे 120 रुपये.

म्हणून पहिली अट, उरलेल्या प्लेट कोणाच्या, हे आधी लिहून घ्या. व्हॉट्सॲपवर लिहिलं तरी चालेल. जोडी त्यांनी ठरवली तर उरलेला माल त्यांचा. जोडी तुम्ही ठरवली आणि चाखणीत सगळ्यांनी मान्य केली, तर अर्धा-अर्धा.

दुसरी गोष्ट बिलाची. जेवणावर जीएसटी लागतो. पिण्याचं मद्य जीएसटीच्या बाहेर आहे, त्यावर राज्याचा व्हॅट. ‘प्लेट आणि बिअर मिळून एकच किंमत’ असा कॉम्बो फळ्यावर छान दिसतो, हिशोबात मात्र डोकेदुखी होते. दोन्हींच्या किमती वेगळ्या लिहायला सांगा आणि एकदा त्यांच्या सीएंना विचारायला लावा.

तिसरी, जाहिरात. तुमच्या इन्स्टाग्रामवर तुमची प्लेट दाखवा, मसाला दाखवा, फुगे तळताना दाखवा. बिअरचा ग्लास आणि ‘या, प्या’ असलं काही टाकू नका. महाराष्ट्राच्या दारूबंदी कायद्यात मद्याच्या जाहिरातीवर बंधन आहे. आणि घरच्या पार्सलबरोबर दोन बाटल्या पाठवायचा आग्रह गिऱ्हाईक कितीही करो, परवान्याशिवाय बिअर विकणं हा गुन्हा आहे. तुमची नोंदणी एफएसएसएआयची, खाण्याची. तेवढ्यातच राहा.

बॉटल मसाल्याला ते नाव कसं पडलं माहीत आहे? वसई-वांद्र्याकडच्या ईस्ट इंडियन घरांत तो गडद रंगाच्या बाटल्यांत, बऱ्याचदा बिअरच्याच रिकाम्या बाटल्यांत दाबून भरायचे, उजेड लागू नये म्हणून. बिअरही त्याच कारणाने तपकिरी बाटलीत भरतात, उजेडाने हॉप्सना दुर्गंधी सुटते. ताईंनी ही गोष्ट टॅपरूमच्या मॅनेजरला सांगितली, तेव्हा त्याने पहिल्यांदा त्यांना खुर्ची दिली.

31 तारखेला तेच सोरपोतेल गेलं. मिरची कमी केली नाही. प्लेटमध्ये तीन फुगे, सोबत गव्हाची बिअर, शेवटी केकचा तुकडा आणि स्टाउटचा छोटा ग्लास, किमती वेगवेगळ्या. ताईंनी 30 च प्लेट घेतल्या, 40 नाही. दोन उरल्या, त्या स्वयंपाकघरातल्या पोरांनी रात्री एक वाजता संपवल्या. त्या दोन प्लेटींचे पैसेही टॅपरूमने दिले, कारण तसं लिहून घेतलं होतं.

यंदा ताईंकडे अजून दोन ठिकाणांची विचारणा आली आहे. दर सांगण्याआधी त्या फळ्याचा फोटो मागवतात.