उद्योग-प्रायोजित अभियांत्रिकी प्रकल्प

उद्योग-प्रायोजित अभियांत्रिकी प्रकल्प म्हणजे अभियांत्रिकी पदवीच्या अंतिम वर्षात विद्यार्थ्यांनी एखाद्या कंपनीने दिलेल्या विषयावर, तिच्या तज्ज्ञांच्या मार्गदर्शनाखाली पूर्ण केलेला प्रकल्प होय. काही वेळा साहित्य, यंत्रसामग्री किंवा खर्चाची रक्कमही कंपनी पुरवते. अशा प्रकल्पाला दोन मार्गदर्शक असतात. महाविद्यालयातील प्राध्यापक अंतर्गत मार्गदर्शक असतो आणि कंपनीतील अभियंता बाह्य मार्गदर्शक असतो. गुणांकन मात्र विद्यापीठाच्या नियमांनुसारच होते.

स्वरूप
प्रकल्पाचे काम सामान्यतः तीन-चार विद्यार्थ्यांचा गट दोन सत्रांत करतो. पहिल्या सत्रात विषयनिश्चिती, पूर्वीच्या कामाचा अभ्यास व आराखडा, तर दुसऱ्या सत्रात प्रत्यक्ष बांधणी, चाचणी आणि अहवाल असा क्रम असतो. ‘प्रायोजित’ हा शब्द सैलपणे वापरला जातो. काही कंपन्या केवळ विषय आणि पत्र देतात, काही दर पंधरवड्याला कामाचा आढावा घेतात, तर काही विद्यार्थ्यांना आपल्या प्रयोगशाळेत काम करू देतात. प्रकल्पाचा शैक्षणिक लाभ बव्हंशी या फरकावर अवलंबून असतो.

पार्श्वभूमी
शिक्षणाला उद्योगातील कामाची जोड देण्याचा प्रयोग अमेरिकेतील सिनसिनाटी विद्यापीठात १९०६ मध्ये सुरू झाला. कॅलिफोर्नियातील हार्वे मड महाविद्यालयाने १९६३ मध्ये ‘क्लिनिक’ हा उपक्रम आरंभला. त्यात कंपनी शुल्क भरून आपली खरी समस्या विद्यार्थ्यांच्या गटाकडे सोपवते. भारतात पिलानी येथील बिट्स संस्थेने १९७३ मध्ये ‘प्रॅक्टिस स्कूल’ सुरू केले. २०१७ पासून होणाऱ्या स्मार्ट इंडिया हॅकेथॉनमध्ये शासकीय विभाग व उद्योग विद्यार्थ्यांपुढे समस्या मांडतात. मराठवाड्यातील अनेक महाविद्यालये लोणेरे येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाशी संलग्न आहेत. या विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात आठव्या सत्रात प्रकल्पाऐवजी उद्योगातील आंतरवासिता करण्याचीही सोय आहे.

ग्रामीण विद्यार्थ्यांची स्थिती
महाराष्ट्रात प्रायोजक कंपन्या मुख्यतः पुणे, मुंबई, नाशिक व छत्रपती संभाजीनगर या औद्योगिक पट्ट्यांत आहेत. धाराशिव जिल्ह्यातील लोहारा तालुक्यापासून पुणे तीनशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. २०१८ मध्ये केंद्र सरकारने निवडलेल्या महाराष्ट्रातील चार आकांक्षित जिल्ह्यांत धाराशिवचा (तत्कालीन उस्मानाबाद) समावेश होता. ज्याच्या ओळखीचे कोणी कंपनीत नाही आणि ज्याला शहरातील मुक्कामाचा खर्च झेपत नाही, त्या विद्यार्थ्याला प्रायोजक मिळणे अवघड जाते. अशा वेळी शहरांतील दुकानांतून तयार प्रकल्प विकत घेण्याचा मार्ग काही जण पत्करतात. त्यात कुटुंबाचे पैसे जातात आणि तोंडी परीक्षेत आपल्याच प्रकल्पाचे स्पष्टीकरण देता येत नाही.

स्थानिक समस्यांवरील प्रकल्प
प्रायोजक मोठी कंपनीच असावी, असे नाही. साखर कारखाना, सहकारी संस्था, शेतकरी उत्पादक कंपनी किंवा ग्रामपंचायतही विषय देऊ शकते. लोहारा परिसरात सोयाबीन हे महत्त्वाचे पीक आहे. हमीभावाने खरेदी होताना सोयाबीनमधील ओलाव्याची मर्यादा सामान्यतः १२ टक्के असते. २०२४ च्या हंगामात ती १५ टक्क्यांपर्यंत शिथिल करण्यात आली. मर्यादेपेक्षा ओला माल केंद्रावरून परत न्यावा लागतो. त्यामुळे शेतकऱ्याला घरीच वापरता येईल असे स्वस्त व अचूक ओलावामापक यंत्र हा इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्यांसाठी खरा विषय ठरतो. त्याचप्रमाणे ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात उद्ध्वस्त झालेल्या सास्तूरसारख्या गावांतील पुनर्वसित घरांची आजची स्थिती तपासणे हा स्थापत्य शाखेसाठी उपयुक्त विषय आहे. अशा कामाला संस्थात्मक आधार देण्यासाठी राज्याच्या उच्च व तंत्रशिक्षण विभागाने २०१६ मध्ये उन्नत महाराष्ट्र अभियान सुरू केले. त्यात आयआयटी मुंबईच्या ‘सितारा’ या ग्रामीण तंत्रज्ञान केंद्राचा पुढाकार होता.

निधी
कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आर्थिक मर्यादेवरील कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक उत्तरदायित्वासाठी खर्च करावी लागते. शिक्षण हे त्यासाठीचे मान्य क्षेत्र आहे. मात्र कंपनीने स्वतःच्या व्यवसायासाठी करून घेतलेले काम या खर्चात धरता येत नाही.

हक्क व गोपनीयता
प्रकल्पातून निर्माण झालेल्या आज्ञावलीची अथवा शोधाची मालकी हा वादाचा मुद्दा ठरू शकतो. कॉपीराइट अधिनियम, १९५७ नुसार सामान्यतः निर्माता हाच पहिला मालक असतो. नोकरीत असताना केलेल्या कामाला अपवाद आहे. विद्यार्थी कंपनीचा नोकर नसल्यामुळे लेखी करार नसेल तर आज्ञावलीचे हक्क आपोआप कंपनीकडे जात नाहीत. एकस्वाचा अर्ज मूळ संशोधक किंवा त्याने ज्याला हक्क सोपवला आहे तो करू शकतो. म्हणून काम सुरू होण्यापूर्वीच्या करारात पुढील बाबी स्पष्ट असणे आवश्यक मानले जाते:
• हक्क कोणाकडे राहतील आणि त्याचा मोबदला काय;
• अहवालातील कोणता भाग परीक्षकांना दाखवता येईल;
• खर्च कोण करील व विद्यार्थ्यांना विद्यावेतन मिळेल का;
• कंपनीने मध्येच माघार घेतल्यास प्रकल्प कसा पूर्ण होईल.

गोपनीयतेच्या अटीमुळे अहवाल सादर करता आला नाही, तर नुकसान विद्यार्थ्याच्या गुणांचे होते. त्यामुळे अशा करारावर विद्यार्थी व कंपनी यांच्यासोबत महाविद्यालयाचीही स्वाक्षरी असणे हिताचे असते.