मोटारनिवासाचे उष्णता व ध्वनी निरोधन

मालवाहू बंद मोटारगाडीचे (व्हॅनचे) राहण्याजोग्या वाहनात रूपांतर करताना तिच्या पत्र्याच्या कवचातून होणारे उष्णतेचे व ध्वनीचे संक्रमण कमी करण्यासाठी जी योजना करतात, तिला मोटारनिवासाचे निरोधन म्हणतात. अशा वाहनास यूरोप व अमेरिकेत कॅम्पर व्हॅन हे नाव रूढ आहे. घराची भिंत विटांची वा लाकडाची व काही सेंमी. जाड असते, व्हॅनची भिंत म्हणजे सु. ०·७ ते १ मिमी. जाडीचा पोलादी पत्रा होय. हा पत्रा उष्णतेचा सुवाहक असतो, ढोलाच्या कातड्याप्रमाणे कंप पावतो आणि पाण्याची वाफ आपल्यातून मुळीच जाऊ देत नाही. त्यामुळे निरोधनास उष्णता, ध्वनी व बाष्प या तिन्हींचा एकाच वेळी विचार करावा लागतो. या तिन्ही कामांना पुरे पडेल असे एकच द्रव्य उपलब्ध नाही. बाष्पाकडे पुष्कळदा दुर्लक्ष होते. तथापि वाहनाचे आयुष्य मुख्यतः त्यावरच अवलंबून असते.

पूर्वेतिहास : पश्चिम जर्मनीत फोक्सवॅगन कंपनीने १९५० मध्ये ट्रान्स्पोर्टर या व्हॅनचे उत्पादन सुरू केले. वीडेनब्रुक येथील वेस्टफालिया या कारखान्याने तीत बसविण्यासाठी १९५१ मध्ये सुटी करता येणारी पेटीवजा निवासव्यवस्था (कॅम्पिंग बॉक्स) तयार केली. ब्रिटनमध्येही याच दशकात अशी रूपांतरे करणारे व्यवसाय उदयास आले. ही वाहने मुख्यतः उन्हाळी सहलींसाठी असल्याने त्यांत निरोधन बेताचेच असे. पुढे फोर्ड ट्रान्झिट (१९६५), फियाट ड्यूकाटो (१९८१) व मर्सिडीझ-बेंझ स्प्रिंटर (१९९५) यांसारख्या मोठ्या व्हॅन बाजारात आल्या. वापरलेल्या व्हॅन विकत घेऊन त्यांचे स्वतःच रूपांतर करण्याची आणि हिवाळ्यातही त्यांत राहण्याची पद्धत वाढली, तसे निरोधनाला महत्त्व प्राप्त झाले.

उष्णता निरोधन : उष्णतेचे संक्रमण संवहन, अभिसरण व प्रारण या तीन प्रकारांनी होते. निरोधक द्रव्यांचा मुख्य गुण म्हणजे त्यांनी लहानलहान कप्प्यांत किंवा तंतूंमध्ये स्थिर करून ठेवलेली हवा किंवा अन्य वायू होय. द्रव्याची उष्णता संवाहकता जितकी कमी तितके ते अधिक चांगले निरोधक ठरते. वॉट प्रती मीटर प्रती अंश से. या एककात पोलादाची संवाहकता सु. ५०, प्लायवुडाची सु. ०·१३, खनिज लोकर, मेंढीची लोकर व बूच यांची ०·०३५ ते ०·०४५, पॉलिस्टायरीन फेसाची ०·०३ ते ०·०४, तर पॉलिआयसोसायान्यूरेट फेसाची सु. ०·०२२ असते.

निरोधनाचा परिणाम एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. मध्यम आकाराच्या व्हॅनच्या निवासी भागाचे एकूण पृष्ठफळ ३० चौ. मी. आणि आतील व बाहेरील तापमानांतील फरक २०° से. आहे असे मानू. नुसत्या पत्र्यातून प्रत्येक चौ. मी. मधून दर अंशास सु. ५·९ वॉट उष्णता बाहेर जाते. म्हणजेच गाडी उबदार ठेवण्यास सु. ३·५ किलोवॉट शक्ती सतत लागेल. ०·०३५ संवाहकतेच्या द्रव्याचा ४० मिमी. जाडीचा अखंड थर दिल्यास हे प्रमाण सु. ०·७६ वॉटवर येते आणि सु. ०·४५ किलोवॉट शक्ती पुरते. थराची जाडी आणखी दुप्पट केली, तर होणारी बचत मात्र जेमतेम पाव किलोवॉट असते आणि तीसाठी आतील जागा खर्ची पडते. म्हणून बहुतेक रूपांतरांत २५ ते ५० मिमी. जाडीचा थर देतात.

वरील गणितात थर अखंड धरला आहे. प्रत्यक्षात पत्र्याला बळकटी देणाऱ्या पोकळ पोलादी फासळ्या आतील अस्तरापर्यंत पोचतात व त्यांतून उष्णता सहज निसटते. अशा वाटांना उष्णतासेतू म्हणतात. एकूण पृष्ठापैकी केवळ एक दशांश भाग उघडा राहिला, तरी सरासरी प्रमाण ०·७६ वरून सु. १·२७ वॉटवर जाते. म्हणजे उष्णतेचा व्यय सु. दोन तृतीयांशाने वाढतो. यूरोपीय मानकांत अतिशीत हवामानास योग्य अशा तिसऱ्या श्रेणीच्या निवासी वाहनासाठी हे सरासरी प्रमाण १·२ वॉटपेक्षा अधिक नसावे आणि बाहेर –१५° से. तापमान असताना आत २०° से. राखता यावे, अशी अट आहे. यावरून मधल्या भागातील थर जाड करण्यापेक्षा फासळ्यांवर पातळ का होईना पण सलग आच्छादन देणे आणि दारे व खिडक्या झाकणे अधिक फलदायी ठरते, हे ध्यानात येईल.

चकचकीत ॲल्युमिनियमाचा पातळ पत्रा (वर्ख) प्रारण परावर्तित करतो. परंतु हा गुण त्याच्या एका बाजूस हवेची मोकळी फट असेल तरच उपयोगी पडतो. दोन थरांमध्ये चिकटवून दाबलेला वर्ख केवळ एक सुवाहक धातू म्हणून राहतो. त्यामुळे बुडबुड्यांच्या प्लॅस्टिकला वर्ख लावलेली आवरणे खिडक्यांवर रात्री टांगण्यास उपयुक्त असली, तरी भिंतीत जाड थराऐवजी ती चालत नाहीत.

बाष्प व गंज : विश्रांती घेणारा प्रौढ मनुष्य श्वास व त्वचा यांवाटे दर तासास सु. ४० ते ५० ग्रॅ. पाणी वाफेच्या रूपाने बाहेर टाकतो. दोन माणसे आठ तास झोपली, तर सु. पाऊण लिटर पाणी गाडीतील हवेत मिसळते. स्वयंपाकासाठी जाळलेल्या प्रत्येक किग्रॅ. प्रोपेन वायूपासून सु. १·६ किग्रॅ. पाणी तयार होते. हवेचे तापमान २०° से. व सापेक्ष आर्द्रता ६० टक्के असता दवबिंदू सु. १२° से. असतो. बाहेर ५° से. तापमान असल्यास उघड्या पत्र्याच्या आतील पृष्ठाचे तापमान सु. ८° से. असते, त्यामुळे त्यावर सांद्रीभवन होऊन पाण्याचे थेंब साचतात.

थंड प्रदेशातील घरात भिंतीच्या उबदार, म्हणजे आतील बाजूस बाष्परोधक थर देतात व बाहेरची बाजू वाफेला मोकळी ठेवतात. व्हॅनमध्ये परिस्थिती नेमकी उलट असते. बाष्परोधक पत्रा थंड बाजूसच असतो. निरोधकातून झिरपत गेलेली वाफ पत्र्याशी अडते व तेथेच तिचे पाणी होते. अस्तरामागे हे पाणी दिसत नाही. दोन-तीन हिवाळ्यांनंतर पत्र्याला छिद्रे पडली अथवा लाकडी पट्ट्या कुजल्या, म्हणजेच ते उघडकीस येते. निरोधनाने पत्रा अधिक थंड राहत असल्याने, सदोष निरोधनामुळे गंजण्याचा धोका कमी न होता वाढतोच.

यावर दोन उपाय प्रचलित आहेत. पहिल्यात बंद कप्प्यांचा फेस पत्र्याला पोकळी न ठेवता चिकटवितात. त्यामुळे वाफ पत्र्यापर्यंत पोचतच नाही. दुसऱ्यात मेंढीच्या लोकरीसारखे तंतुमय द्रव्य वापरतात. ते काही वाफ शोषून घेते व हवा कोरडी झाल्यावर परत सोडते, मात्र त्यासाठी गाडीत वायुवीजन भरपूर असावे लागते. दोहोंपैकी कोणताही मार्ग पत्करला, तरी दारांच्या तळाशी व उंबऱ्याखालील पोकळ तुळयांत कारखान्याने ठेवलेली निचऱ्याची छिद्रे बुजवू नयेत. अशा पोकळ्यांत फुगणारा फेस भरल्यास पाणी अडून आतून गंज चढतो. त्यांत गंजरोधक मेण फवारणे हाच योग्य उपाय होय.

निरोधक द्रव्ये : पॉलिआयसोसायान्यूरेट व दाबून बनविलेले पॉलिस्टायरीन यांचे कठीण तक्ते सपाट तळ व छत यांस सोयीचे असतात, वक्र भिंतीवर ते बसविल्यास मागे पोकळी राहते. नायट्राइल रबर वा पॉलिएथिलीन यांचे लवचिक, बंद कप्प्यांचे फेस वक्र पृष्ठावर नीट बसतात. फवारलेला पॉलियुरेथेन फेस प्रत्येक कोपऱ्यात पोचतो; पण एकदा घट्ट झाल्यावर तो काढणे कठीण असते व अतिरिक्त प्रमाणात भरल्यास त्याच्या दाबाने पत्रा बाहेर फुगतो. खनिज लोकर स्वस्त व न जळणारी असली, तरी ती भिजल्यास निरुपयोगी होते व हादऱ्यांनी खाली बसते. बूच हे तळासाठी व पातळ आच्छादनासाठी चांगले आहे. फेसाळ प्लॅस्टिके जळताना विषारी धूर सोडतात. म्हणून चुलीजवळ त्यांचा उपयोग टाळतात. विजेच्या तारांचे पीव्हीसी वेष्टन पॉलिस्टायरिनाला लागून राहिल्यास कालांतराने कडक होते. म्हणून तारा स्वतंत्र नळीतून नेतात.

ध्वनी निरोधन : उष्णता अडविणारा हलका फेस ध्वनी अडवीलच असे नाही, बहुधा तो अडवीत नाही. व्हॅनमधील गोंगाटाविरुद्ध अवमंदन, शोषण व अवरोध असे तीन वेगवेगळे उपाय योजावे लागतात.

एंजिनाचे हादरे, चाकांचे घर्षण व पावसाचे थेंब यांमुळे पत्रा कंप पावतो व स्वतःच ध्वनीचा उगम बनतो. ही कंपने शमविण्यास अवमंदन म्हणतात. त्यासाठी सु. २ मिमी. जाडीच्या ब्यूटिल रबराचे, वरून ॲल्युमिनियमाचा वर्ख असलेले तुकडे पत्र्यावर रूळ फिरवून घट्ट चिकटवितात. पत्रा वाकला की, वर्ख व पत्रा यांमधील चिकट थर सरकतो व कंपनाच्या ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर होते. पत्र्याच्या मध्यभागी, पृष्ठाच्या सु. पाव ते अर्धा भाग व्यापतील एवढे तुकडे लावले तरी पुरते. सर्व पृष्ठ मढविल्याने वजन वाढते, पण लाभ त्या मानाने वाढत नाही. पूर्वी यासाठी डांबराचे तक्ते वापरीत. ते उन्हात मऊ पडतात व त्यांना वास येतो.

शोषणासाठी ज्यातून हवा जाऊ शकते असे तंतुमय वा उघड्या कप्प्यांचे द्रव्य लागते. त्याची परिणामकारकता तरंगलांबीवर अवलंबून असते. ४,००० हर्ट्झ कंप्रतेच्या तीव्र ध्वनीची तरंगलांबी सु. ८·५ सेंमी. असल्याने २ ते ३ सेंमी. जाडीचा थर तो चांगला शोषतो. परंतु एंजिनाच्या १०० हर्ट्झच्या घुमण्याची तरंगलांबी सु. ३·४ मी. असते, तिच्यापुढे एवढा थर जवळजवळ निष्प्रभ ठरतो.

बाहेरून हवेतून येणारा ध्वनी अडविण्यास वस्तुमान लागते. सैद्धांतिक दृष्ट्या भिंतीचे प्रती चौ. मी. वस्तुमान दुप्पट केल्यास ध्वनी सु. ६ डेसिबलने घटतो. ०·८ मिमी. पत्र्याचे वस्तुमान प्रती चौ. मी. सु. ६·३ किग्रॅ. असते, तेव्हा एवढ्या लाभासाठी ३० चौ. मी. पृष्ठावर सु. १९० किग्रॅ. भार चढवावा लागेल. यूरोपात साध्या मोटारीच्या परवान्यावर चालविता येणाऱ्या अशा वाहनाचे एकूण वजन सामान्यतः ३,५०० किग्रॅ. पर्यंत मर्यादित असल्याने हा भार परवडत नाही. म्हणून जड थर केवळ चालकाच्या कक्षाचा तळ व चाकांवरील कमानी यांपुरता ठेवतात. इतरत्र पत्रा, मऊ तंतुमय थर व पत्र्याला कडकपणे न जखडलेले अस्तर अशी दुहेरी रचना करून कमी वजनात बराच लाभ साधतात.

फटींचे महत्त्व याहूनही अधिक आहे. भिंतीच्या क्षेत्रफळापैकी एक टक्का भाग उघडा असेल, तर उरलेली भिंत कितीही उत्तम असली तरी एकूण घट २० डेसिबलच्या वर जाऊ शकत नाही. म्हणून दारांचे रबरी पट्टे सुस्थितीत असणे, ही ध्वनी निरोधनाची पहिली व सर्वांत स्वस्त पायरी होय.

कामाचा क्रम व सुरक्षितता : प्रथम गंज खरवडून पत्रा रंगवितात, खिडक्या व छतातील झरोका यांसाठी छेद आधीच घेऊन त्यांच्या कडांना गंजरोधक लेप देतात. त्यानंतर पोकळ्यांत मेण, पत्र्यावर अवमंदक तुकडे, मग निरोधक थर, तारांच्या नळ्या व शेवटी अस्तर असा क्रम असतो. उन्हात छताचा पत्रा फार तापत असल्याने तेथे उच्च तापमानास टिकणारा चिकटपदार्थच वापरतात.

फटी बुजवीत असताना वायुवीजनाची कायमची छिद्रे मात्र मोकळी ठेवावी लागतात. ज्वलनाला हवा अपुरी पडल्यास कार्बन मोनॉक्साइड हा वास नसलेला प्राणघातक वायू निर्माण होतो आणि घट्ट बंद गाडीत झोपलेल्यांना त्याची जाणीवही होत नाही. म्हणून छताजवळ व तळाजवळ एकेक झरोका, धुराडे थेट बाहेर नेलेला तापक आणि वायूची सूचना देणारे उपकरण ही निरोधनाचीच अंगे मानली पाहिजेत. कमी झालेला उष्णता व्यय लक्षात घेता, वायुवीजनाने जाणारी थोडी ऊब ही त्या सुरक्षिततेची अल्प किंमत होय.

उष्ण प्रदेशांतील योजना : महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण स्वीकारल्यामुळे हा विषय राज्यातही प्रस्तुत झाला आहे. येथे उष्णता मुख्यतः बाहेरून, तीही छतातून व काचांतून प्रारणाने येते. म्हणून पांढरा रंग, छतावर हवेची फट ठेवून बसविलेली छाया, काचांवर शक्यतो बाहेरून घातलेली परावर्तक आच्छादने व उष्ण हवा बाहेर फेकणारा पंखा यांना भिंतीतील जाड थरापेक्षा अग्रक्रम द्यावा लागतो. केवळ निरोधनाने गाडी थंड होत नाही. आत शिरलेली उष्णता ते कोंडूनही ठेवते. कोकणात पावसाळ्यात बाहेरची हवाच दमट असल्यामुळे ओल शोषून धरणारी द्रव्ये वाळण्यास अवधी मिळत नाही. तेथे पत्र्याला सलग चिकटविलेला बंद कप्प्यांचा फेस अधिक विश्वसनीय ठरतो.