वही पक्की झाली, पण नोंद खरी आहे का?

समजा, सोनिवलीतील एखाद्या कारागिराचे वडील वारले. वारस फेरफारात दोन्ही भावांची नावे सातबारावर चढली, बहिणीचे राहून गेले. उद्या हा सातबारा 'ब्लॉकचेन'वर गेला, तर बहिणीचा हक्क वाचला की बुडाला? सरकारी दफ्तरासाठी या तंत्राची चर्चा चालू आहे. म्हणून व्यापारी व कारागीर बंधूंनी हा प्रश्न समजून घ्यावा, असे आम्हास वाटते.

ब्लॉकचेन म्हणजे काय? आपली रोकडवही घ्या. मागील पानाची बेरीज पुढील पानाच्या माथ्यावर येते. मागची एक रक्कम बदलली की पुढची सारी पाने चुकतात. येथे हेच काम संगणक करतो, आणि वहीच्या नकला अनेक ठिकाणी असतात. त्यामुळे गुपचूप खाडाखोड करणे फार अवघड होते.

दाखला खरा की बनावट, एवढेच पाहायचे असेल तेथे याचा उपयोग आहे. गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली येथे २०२२ मध्ये ६५,००० जातीचे दाखले या पद्धतीने नोंदविण्याचे काम हाती घेण्यात आले.

जमिनीचे प्रकरण वेगळे आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये समिउल्ला विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मालमत्ता नोंदणीत ब्लॉकचेन आणण्याचा अभ्यास विधी आयोगाने करावा, असे सुचविले. परंतु आपल्याकडे नोंदणी दस्ताची होते, मालकीची हमी मिळत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५७ नुसार प्रमाणित फेरफार विरुद्ध सिद्ध होईपर्यंतच खरा मानला जातो. ब्लॉकचेन नंतरची लबाडी पकडील, पण पहिलीच नोंद अपुरी असेल तर तीच जपून ठेवील. कोणता वारस सुटला, हे यंत्र सांगणार नाही. ते घरच्यांनी व अधिकाऱ्यांनीच पाहावयाचे आहे.

म्हणून आमचे मत असे की, तंत्राची वाट न पाहता आपले दफ्तर आजच तपासावे. सातबारा किंवा मिळकत पत्रिका काढावी, सोबत जुने फेरफारही पाहावेत. नावात कारकुनी चूक असल्यास कलम १५५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करावा. वारस सुटला असल्यास त्या फेरफाराविरुद्ध मुदतीत प्रांतांकडे अपील करावे.

सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याचा, साक्षीदार ठेवण्याचा व लेखनिकाने न्यायाने लिहिण्याचा आदेश आहे. बहिणीचा वाटा सूरह निसामध्ये ठरलेला आहे. तो आधी वहीत चढवावा, मग वही कोणत्याही तंत्राने पक्की करावी.