जेंडर बजेट: महिलांना दिलेल्या आश्वासनामागे पैसा आहे का, हे कसे पाहायचे?

दिल्लीत २९ ऑक्टोबर २०१९ पासून सरकारी बसमध्ये महिलांना मोफत प्रवास सुरू झाला. तेव्हा कंडक्टर प्रत्येक महिला प्रवाशाला एक गुलाबी तिकीट द्यायचा. पैसे घ्यायचेच नाहीत तर तिकीट कशाला, असा प्रश्न कुणालाही पडेल. पण त्या तिकिटावर १० रुपये ही रक्कम छापलेली असे. जितकी गुलाबी तिकिटे फाटली, तितके दहा-दहा रुपये दिल्ली सरकारने परिवहन महामंडळाला द्यायचे, असा तो हिशेब होता. म्हणजे प्रवास महिलेसाठी मोफत होता, सरकारसाठी नव्हता. महाराष्ट्रातही १७ मार्च २०२३ पासून एसटीच्या भाड्यात महिलांना ५० टक्के सवलत आहे आणि उरलेल्या अर्ध्या भाड्याची भरपाई राज्य सरकारने महामंडळाला करायची असते. ही भरपाई थकली तर सवलतीचा नियम कायम राहील, पण गाड्यांची देखभाल आणि फेऱ्या यांना झळ बसेल. मग सवलत असूनही बसथांब्यावर ताटकळत उभे राहावे लागेल.

सरकार महिलांसाठी काहीतरी जाहीर करते, तेव्हा त्यासाठी पैसा कुठून येणार, किती येणार आणि खरोखर आला का, हे पाहण्याची एक पद्धत आहे. तिला जेंडर बजेट म्हणतात.

जेंडर बजेट म्हणजे महिलांसाठी वेगळा अर्थसंकल्प नव्हे

हा गैरसमज शब्दामुळेच होतो. मराठीत त्याला कुणी ‘महिला अर्थसंकल्प’ म्हणते, कुणी ‘लिंगभावाधारित अर्थसंकल्प’. पहिला शब्द सोपा आहे पण चुकीचा. दुसरा बरोबर आहे, पण ग्रामसभेत उच्चारून पाहा! म्हणून या लेखात ‘जेंडर बजेट’ हाच शब्द ठेवला आहे.

सरकारचा अर्थसंकल्प एकच असतो. रस्ते, शाळा, पाणी, धान्य, पोलीस अशा सगळ्या खर्चातील किती भाग महिला आणि मुलींपर्यंत पोहोचणे अपेक्षित आहे, हे वेगळे काढून दाखवणारा तक्ता म्हणजे जेंडर बजेट विवरण. केंद्र सरकार ते दरवर्षी अर्थसंकल्पासोबत प्रसिद्ध करते.

हे विवरण आपोआप आले नाही

महिलांच्या स्थितीचा अभ्यास करणाऱ्या राष्ट्रीय समितीचा ‘टुवर्ड्स इक्वॅलिटी’ हा अहवाल १९७४ मध्ये तयार झाला. फूलरेणू गुहा समितीच्या अध्यक्षा होत्या आणि वीणा मजुमदार सदस्य-सचिव. स्वातंत्र्यानंतर संविधानाने समानता दिली, तरी रोजगार, आरोग्य आणि प्रतिनिधित्व यांत महिला मागेच आहेत, हे त्या अहवालाने आकडेवारीसह मांडले. त्यानंतर महिला चळवळीने हक्कांसोबत निधीचाही प्रश्न लावून धरला. नवव्या पंचवार्षिक योजनेत (१९९७-२००२) ‘महिला घटक योजना’ आली. महिलांशी संबंधित क्षेत्रांतील किमान ३० टक्के निधी वा लाभ महिलांपर्यंत जावा, असे तिचे सूत्र होते.

देशाबाहेरही हेच चालले होते. ऑस्ट्रेलियाने १९८४ मध्ये असे विवरण सुरू केले. १९९५ च्या बीजिंग महिला परिषदेच्या कृती आराखड्यात देशांनी आपले अर्थसंकल्प महिलांच्या दृष्टीने तपासावेत, असे लिहिले गेले.

आपल्याकडे निर्णायक वर्ष २००४. त्या जुलैमधील अर्थसंकल्पीय भाषणात तेव्हाचे अर्थमंत्री पी. चिदंबरम यांनी सांगितले की, महिला संघटना आपल्याला भेटल्या आणि त्यांनी जेंडर बजेटचा आग्रह धरला. अर्थसंकल्पाच्या भाषणात अशी नोंद सहसा नसते. मागणी करणारे पडद्याआडच राहतात. पुढच्याच वर्षी, २००५-०६ मध्ये, पहिले विवरण आले. त्यात १० अनुदान मागण्यांमधील १४,३७९ कोटी रुपये दाखवले होते.

विवरण कसे वाचायचे?

केंद्राच्या अर्थसंकल्पाच्या संकेतस्थळावर ‘व्यय प्रोफाइल’ नावाचा दस्तऐवज असतो. त्यातील विवरण १३ म्हणजे जेंडर बजेट. तो हिंदी आणि इंग्रजीत मिळतो. आकडे दोन्हींत तेच आहेत, त्यामुळे भाषेमुळे अडू नका.

विवरणाचे तीन भाग आहेत. भाग ‘क’मध्ये पूर्णपणे महिलांसाठी असलेल्या योजना. भाग ‘ख’मध्ये ३० ते ९९ टक्के रक्कम महिलांसाठी असलेल्या योजना. ३० टक्क्यांपेक्षा कमी वाटा असलेल्या योजनांसाठी २०२४-२५ पासून तिसरा भाग जोडला गेला.

२०२५-२६ च्या विवरणात एकूण ४.४९ लाख कोटी रुपये दाखवले होते, म्हणजे केंद्राच्या एकूण अर्थसंकल्पाच्या ८.८६ टक्के. आधीच्या वर्षी ही रक्कम ३.२७ लाख कोटी होती. एका वर्षात ३७ टक्क्यांची वाढ! आकडा खरा आहे. पण तो वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. आधीच्या वर्षी ३८ मंत्रालये आणि विभागांनी आपला खर्च या विवरणात नोंदवला होता. २०२५-२६ मध्ये ४९ जणांनी नोंदवला. नव्याने आलेल्यांत अन्न विभाग होता, आणि त्याच्यासोबत मोफत धान्याची प्रधानमंत्री गरीब कल्याण अन्न योजना विवरणात आली. वाढीचा मोठा भाग तिथून आला. हे धान्य रेशन दुकानात त्याआधीही मिळतच होते. फरक एवढाच की, ते आता महिलांच्या खात्यातही मोजले जाऊ लागले.

हे मोजणे चुकीचे आहे असे नाही. अन्नसुरक्षा कायद्यानुसार रेशनकार्डावर घरातील १८ वर्षांवरील ज्येष्ठ महिला कुटुंबप्रमुख असते. प्रश्न इतकाच की, विवरणातील बेरीज वाढली म्हणजे महिलांवरचा खर्च तेवढाच वाढला, असा अर्थ काढता येत नाही.

उलटे उदाहरणही आहे. मनरेगात एकूण मनुष्यदिवसांपैकी निम्म्याहून अधिक महिलांचे असत, तरी विवरणात अनेक वर्षे त्या योजनेचा साधारण एक-तृतीयांश खर्चच महिलांच्या नावे दाखवला जाई. आणि ग्रामीण घरकुल योजनेचा पूर्ण खर्च अनेक वर्षे भाग ‘क’मध्ये, म्हणजे शंभर टक्के महिलांसाठी. घर पत्नीच्या किंवा दोघांच्या नावे होते हे खरे, पण राहते सगळे कुटुंब. अभ्यासक आणि महिला संघटना या वर्गीकरणावर सतत बोट ठेवत आल्या आहेत. तुम्हीही तुमच्या ओळखीची एखादी योजना शोधा आणि ती कोणत्या भागात बसवली आहे ते पाहा. पटते का ते तुम्हीच ठरवा.

तरतूद, वितरण आणि खर्च

या पोर्टलसाठी अनुवाद करताना सर्वांत जास्त जपावे लागते ते या तीन शब्दांना. घाईत तिन्ही ठिकाणी ‘निधी दिला’ असे लिहिण्याचा मोह होतो, आणि वाक्य वाचायला छानही लागते. पण तरतूद म्हणजे पैसे बाजूला ठेवण्याचा इरादा, वितरण म्हणजे ते पुढच्या कार्यालयाकडे पाठवणे, आणि खर्च म्हणजे काम होऊन पैसे चुकते होणे. बातमीत तुम्ही वाचता ती बहुतेक वेळा तरतूद असते.

अर्थसंकल्पात हेच तीन टप्प्यांत दिसते: वर्षाच्या सुरुवातीचा अर्थसंकल्पीय अंदाज, वर्षाच्या मध्यानंतरचा सुधारित अंदाज, आणि नंतर कळणारा प्रत्यक्ष खर्च. सुधारित अंदाज पहिल्यापेक्षा बराच कमी असेल, तर पैसा पडून राहिला किंवा दुसरीकडे वळला, असे समजावे. प्रत्यक्ष खर्च पाहायचा असेल तर संबंधित मंत्रालयाच्या ‘अनुदानाच्या मागण्या’ उघडाव्या लागतात.

दिल्लीतलेच उदाहरण घ्या. १६ डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतर देशभर लोक रस्त्यावर आले. न्यायमूर्ती वर्मा समितीने जानेवारी २०१३ मध्ये अहवाल दिला आणि फेब्रुवारीच्या अर्थसंकल्पात १,००० कोटी रुपयांचा निर्भया निधी जाहीर झाला. वर्ष संपले तरी रक्कम परत जाणार नाही, अशी त्याची रचना होती. म्हणजे पैसे होते आणि ते सुरक्षितही होते. तरी पहिल्या काही वर्षांत त्यातला फारच थोडा भाग वापरला गेला, कारण कोणते काम, कुणी, कोणत्या यंत्रणेतून करायचे हेच ठरलेले नव्हते. नंतर ‘सखी’ वन स्टॉप सेंटर, १८१ हेल्पलाइन, दिल्ली आणि मुंबईसह आठ महानगरांतील ‘सेफ सिटी’ प्रकल्प अशी कामे त्याला जोडली गेली. २०२४-२५ पर्यंत निधीतून ७,७०० कोटींहून अधिक रकमेची तरतूद झाली आणि तिच्या साधारण तीन-चतुर्थांश रक्कम वापरली गेली.

म्हणून नुसता निधी मागून भागत नाही. निधीसोबत तो खर्च करणारी माणसेही मागावी लागतात, आणि त्या माणसांचा पगारही. अंगणवाडी सेविकांचे पाहा. पोषण, लसीकरण, सर्वेक्षण अशी सरकारची कितीतरी कामे त्यांच्या हातून होतात. ऑक्टोबर २०१८ पासून केंद्राने ठरवलेले त्यांचे मानधन दरमहा ४,५०० रुपये आणि मदतनिसांचे २,२५०. राज्ये त्यात आपली भर घालतात. ‘वेतन’ नव्हे, ‘मानधन’. या एका शब्दावर बरेच काही अवलंबून राहते. २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेविका आणि मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र आहेत, असा निकाल दिला. महाराष्ट्रात डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झालेला त्यांचा संप जानेवारी २०२४ पर्यंत चालला, त्याच्याही मुळाशी मानधन आणि ग्रॅच्युइटीच होती.

आश्वासन आणि पैसा एकत्र: महाराष्ट्राची रोजगार हमी

आश्वासन देतानाच पैशाची वाट कशी करून ठेवायची, याचा नमुना महाराष्ट्रातच आहे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना १९७२ च्या दुष्काळाच्या काळात राज्यभर पसरली. मागेल त्याला काम द्यायचे तर मजुरीचे पैसे कायम हाताशी हवेत. म्हणून १९७५ मध्ये व्यवसाय कराचा कायदा झाला. शहरातील नोकरदार आणि व्यावसायिकांकडून कर घ्यायचा आणि तेवढीच भर सरकारने घालायची, अशी रचना झाली. १९७७ मध्ये हमीचा कायदाही झाला. त्या कामांवर खडी फोडणाऱ्या आणि माती वाहणाऱ्या मजुरांत महिलांची संख्या मोठी होती.

पगारपत्रकावर दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात, तो हाच कर. (महाराष्ट्रात दरमहा २५,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या महिलांना २०२३ पासून तो लागत नाही. तुमच्या पगारातून अजून कापला जात असेल तर कार्यालयात विचारा.)

तुमच्या गावात काय तपासता येते?

महाराष्ट्रातील ग्रामपंचायतीने आपल्या स्वतःच्या उत्पन्नाच्या १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्च करणे अपेक्षित आहे. स्वतःचे उत्पन्न म्हणजे घरपट्टी, गाळेभाडे, बाजार फी वगैरे. वित्त आयोगाचा निधी त्यात धरत नाहीत. समजा वर्षाला ६ लाख रुपये जमा होत असतील, तर ६०,००० रुपये या कामाचे. रक्कम छोटी वाटेल, पण अंगणवाडीचे शौचालय दुरुस्त करायला किंवा मुलींच्या शाळेत सॅनिटरी पॅडची सोय करायला ती पुरते.

ग्रामपंचायतीचे अंदाजपत्रक नमुना १ मध्ये असते आणि जमाखर्चाचे विवरण नमुना ३ मध्ये. पहिल्यात तरतूद दिसेल, दुसऱ्यात खर्च. दोन्ही शेजारी ठेवून ‘महिला व बालकल्याण’ ही ओळ शोधा. हे विचारण्याची हक्काची जागा म्हणजे नियमित ग्रामसभेआधी होणारी महिला सभा. तिचे ठराव पुढे ग्रामसभेत मांडले जातात. सभेची नोटीस लागली नसेल तर ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे लेखी विचारणा करा.

नमुने दाखवायला नकार मिळाला तर माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो. शुल्क १० रुपये असते, महाराष्ट्रात त्याऐवजी तेवढ्याच किमतीचे कोर्ट फी स्टॅम्प लावता येते, आणि दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही. अर्जात ‘निधीची माहिती द्यावी’ असे मोघम लिहू नका. गेल्या तीन आर्थिक वर्षांचा नमुना १ आणि नमुना ३, आणि महिला व बालकल्याणावरील खर्चाची देयके, असे नेमके मागा. उत्तर ३० दिवसांत यायला हवे.