विचारायचं कुणाला?

पारनेर तालुका पर्जन्यछायेतला. वर्षाची सरासरी पाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तेवढा पाऊस दरसाल पडेलच याची खात्री नाही. पीक भरवशाचं नसलं की माणसाला सारखं कुणाला तरी विचारावं लागतं. पेरावं का थांबावं, बैल विकावा का गहाण टाकावा, पोरीचं यंदा उरकून घ्यावं का पुढच्या सालावर ढकलावं. दीड-दोनशे वर्षांपूर्वी अशा वेळी कुणाकडे जायचं हे ठरलेलं होतं. मुहूर्ताला जोशी, कागदाला कुलकर्णी, पैशाला सावकार, अंगात काही शिरलं तर भगत. मनाची घालमेल झाली तर याच तालुक्यात पिंपळनेर होतं. तुकोबांचे शिष्य निळोबाराय तिथले, आणि त्यांच्यामागे त्यांचा फड. महारवाड्यातल्या, मांगवाड्यातल्या माणसासाठी मात्र ही यादी फार आखूड होती. त्यातही जो सल्ला मिळे तो देणाऱ्याच्या सोयीचा असे.

1831 च्या डिसेंबरात नगरला या यादीत एक नवं नाव आलं, ते बोस्टनच्या पादऱ्यांचं.

हे लोक इतक्या लांब कसे आले, ही हकिकत मोठी आहे. अमेरिकन बोर्ड ही परदेशी धर्मप्रसारासाठी काढलेली संस्था 1810 ची. 1812 च्या फेब्रुवारीत तिचे पहिले मिशनरी जहाजाने निघाले, आणि कलकत्त्याला पोचताच कंपनी सरकारने त्यांना चालतं व्हायला सांगितलं. कंपनीला व्यापार हवा होता, धर्मप्रचाराची कटकट नको होती. त्यांच्यातली हॅरिएट न्यूएल ही एकोणीस वर्षांची मुलगी त्याच साली मॉरिशसला वारली. त्यांच्यातलेच जडसन ब्रह्मदेशाकडे गेले. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट 1813 च्या फेब्रुवारीत मुंबईला लागले, आणि हद्दपारीचा हुकूम डोक्यावर असतानाच मराठी शिकू लागले. त्याच वर्षी पार्लमेंटने सनदेचा कायदा बदलला आणि मिशनऱ्यांना वाट मोकळी झाली. हॉल 1826 मध्ये नाशिककडच्या दौऱ्यात पटकीने गेले. नगरचीही सुरुवात तशीच. ग्रेव्हज, हर्वी आणि रीड हे तिघे बाबाजी रघुनाथ या ख्रिस्ती झालेल्या ब्राह्मणाला बरोबर घेऊन आले. सहा महिन्यांत हर्वी पटकीने गेले, 1833 मध्ये बाबाजीही गेले. ज्यांना आपल्या जिवाचीच शाश्वती नव्हती ते दुसऱ्याला काय सांगणार, असं तेव्हा नगरात कुणी म्हटलं असेल तर त्यात चूक नव्हती.

पण मंडळी टिकली. 1839 मध्ये हरी रामचंद्र खिस्ती यांनी बाप्तिस्मा घेतला. हेन्री बॅलंटाइन यांच्या देखरेखीखाली 1842 च्या जूनमध्ये नगरहून ‘ज्ञानोदय’ निघाला. त्यात येशूबरोबर ग्रह-तारे होते, भूगोल होता, आणि हिंदू धर्मावर टीकाही भरपूर होती. ती टीका आज वाचवत नाही. उपदेशाचा सूर असा की समोरच्याकडे सांगण्यासारखं काही असेल हे गृहीतच धरलेलं नाही. तरी ते पत्र आजही निघतं, ही मराठी नियतकालिकांच्या इतिहासात लहान गोष्ट नव्हे.

मिशनच्या अहवालांत आकडे असतात ते बाप्तिस्म्यांचे, शाळांचे, भाषणांचे. खेड्यात प्रत्यक्ष फरक पडला तो दुसरीकडून, आणि त्या कामाचा मानकरी बहुतेक वेळा गोरा नव्हता. तो होता मिशनचा मास्तर. गावाबाहेर महारवाड्यात एक खोली, तीच शाळा आणि रविवारची प्रार्थनाही तिथेच. मास्तर स्वतः याच मुलखातला, नगरच्या शाळेत चार-सहा यत्ता शिकून आलेला, पगार बेताचा. पोरांना मुळाक्षरं शिकवून झाली की त्याच्या दारात मोठी माणसं यायची. पलटणीतल्या मुलाचं पत्र वाचून दाखवायचं. सावकाराचं समन्स आलंय, त्यात तारीख कोणती? वतनाच्या वाटणीचा अर्ज कसा करायचा? पादरीसाहेब थंडीच्या दिवसांत तंबू घेऊन येणार आणि जाणार, मास्तर बारा महिने तिथेच. त्याच्या हातात बायबल होतं आणि दौतही होती, आणि गावाला दौतीचं काम जास्त पडायचं.

दौतीचं मोल कळायला 1875 चं साल पाहावं. 12 मे रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला सावकारांविरुद्ध दंगा पेटला आणि तो नगर जिल्ह्यात पसरला. पारनेर, श्रीगोंदे, नगर, कर्जत या तालुक्यांतल्या गावांना त्याची झळ लागली. आधीच्या डिसेंबरात शिरूरच्या कर्डे गावी एका सावकाराविरुद्ध लोक उठले होते, आणि कर्डे पारनेरच्या शिवेपासून लांब नाही. या दंग्यात माणसं फारशी मारली गेली नाहीत. दंगेखोरांना हवे होते कागद. खतं, रोखे, गहाणपत्रं बाहेर काढून जाळली गेली. ज्याला स्वतःचा अंगठा कशावर उठला आहे हे वाचता येत नव्हतं, त्याने शेवटी कागदच जाळला. सरकारने चौकशी आयोग नेमला, आणि 1879 च्या शेतकरी कायद्यात दाव्याआधी तडजोड घडवणारे सलोखेदार नेमण्याची तरतूद झाली. गावच्या माणसाला कोर्टाआधी कुणीतरी विचारायला हवं, हे इंग्रज सरकारला दंगा झाल्यावर सुचलं.

त्याच्या वीस वर्षं आधी जोतीराव फुल्यांनी ही सगळी गोष्ट नाटकात मांडली होती. ‘तृतीय रत्न’ 1855 चं. एक जोशी गरोदर कुणबिणीला ग्रहांची भीती घालतो, घरधनी कर्ज काढून ब्राह्मणभोजन घालतो, आणि पुढे एक पादरी भेटून दोघांशी बोलतो. दक्षिणा प्राइझ कमिटीकडे नाटक गेलं आणि नामंजूर झालं. पादऱ्याच्या तोंडी जोतीरावांनी बरंच काही घातलं आहे, पण शेवटी ते कुणबी जोडपं चर्चकडे वळत नाही. ते फुल्यांच्या शाळेत शिकायला जायचं ठरवतं. मला वाटतं, मिशनचा इतका नेमका हिशेब दुसऱ्या कुणी मांडलेला नाही: ऐकून घ्यावं, आभार मानावेत, आणि पुढचं आपण ठरवावं.

जोतीराव हे हवेतून बोलत नव्हते. नगरला सिंथिया फरार यांची मुलींची शाळा त्यांनी पाहिली होती. फरारबाई 1827 मध्ये मुंबईला आल्या. अमेरिकन बोर्डाने परदेशी पाठवलेल्या अगदी पहिल्या अविवाहित स्त्रियांपैकी ही एक. 1839 मध्ये त्या नगरला आल्या आणि 1862 मध्ये तिथेच वारल्या. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे त्यांच्याकडे घेतल्याचं सांगतात. पुण्यातल्या 1848 च्या शाळेचं श्रेय देताना नगरच्या या बाईंचं नाव आपण बऱ्याचदा वगळतो. परदेशी आणि मिशनरी, दोन्ही एकदम असलं की आपल्याला अडचण होते.

उलटी अडचण मिशनलाही होती. बॅलंटाइन यांनी मराठीत गीतं लिहिली, पण ती विलायती चालींवर. नगरी माणूस ती गाई, डोलत मात्र नसे. 1862 च्या सुमारास कृष्णराव रत्नोजी सांगळे यांनी ख्रिस्ती कथेला कीर्तनाच्या चौकटीत बसवलं. पूर्वरंग, उत्तररंग, झांज, टाळ, मृदंग, सगळं तेच. फक्त आख्यान गालीलातलं. साहेब लोकांना आधी हे कितपत रुचलं असेल कोण जाणे. पण गावोगावी माणसं जमू लागली, आणि मिशनने हा सल्ला मानला. परक्याने इथल्या माणसाला विचारलं तेव्हाच त्याचं म्हणणं घरात शिरलं, आणि विचारलं नाही तेव्हा ते वेशीवर राहिलं. या सगळ्या शतकाकडे पाहताना माझं मत असं पडलं आहे.

नारायण वामन टिळक हे याचं मोठं उदाहरण, आणि उलट अर्थानेही. 1895 च्या फेब्रुवारीत त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि नगरला मिशनच्या कामात आले. घरी मात्र कुणाला विचारलं नव्हतं. ज्या बाईच्या आयुष्याची घडी त्यामुळे विस्कटणार होती त्या लक्ष्मीबाईंना तर नाहीच. पुढची पाच वर्षं लक्ष्मीबाईंनी काय भोगलं आणि कसा विचार केला ते ‘स्मृतिचित्रे’मध्ये आहे, आणि ते मराठीत पुन्हा कुणाला तसं लिहिता आलेलं नाही. सोवळं, पाणी, जात या एकेका गोष्टीचा त्यांनी स्वतःशीच निवाडा केला. 1900 मध्ये त्या ख्रिस्ती झाल्या त्या नवऱ्याच्या सांगण्यावरून नव्हे. टिळकांची कविता मोठी, पण या घरात विवेक अधिक कुणाकडे होता असं विचारलं तर मी लक्ष्मीबाईंचं नाव घेईन.

टिळकांना पुढे मिशनचा मायबापपणा जाचू लागला. 1917 मध्ये मिशनची चाकरी सोडून त्यांनी साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघेही त्यात चालणार होते. दोन वर्षांत ते गेले. त्यांची भजनं मात्र आज प्रत्येक मराठी चर्चमध्ये आहेत. जस्टिन अ‍ॅबट या अमेरिकन मिशनऱ्यानेही उतारवयात संतांकडे मोर्चा वळवला आणि 1926 पासून मराठी संतकवी इंग्रजीत आणले. त्यात राहुरी तालुक्यातल्या ताहराबादचे महिपती होते. नेवाशाच्या वडाळ्यात राहणारे सॅम्युएल फेअरबँक तर पक्षी गोळा करत. दक्षिणेतल्या पळणी डोंगरातल्या एका पक्ष्याला त्यांचं नाव आहे. शिकवायला आलेली माणसं अशी हळूहळू शिकायला बसली.

दुष्काळाचं प्रकरण इतकं सोज्वळ नाही. 1876 ते 78, मग 1896-97, मग 1899-1900. शेवटच्या दोन दुष्काळांत रॉबर्ट ह्यूम यांनी अमेरिकेतून मदत आणली, अनाथ पोरं वसतिगृहात घेतली, त्यांना सुतारकी, विणकाम शिकवलं. डी. सी. चर्चिल या इंजिनिअर मिशनऱ्याने नगरला सुधारित हातमाग तयार केला. ही पोरं जगली हे खरं. भुकेल्या माणसाला धर्माचा सल्ला द्यावा का, हा प्रश्न त्या काळीही विचारला गेला, आणि तो रास्त होता. भाकरी आणि बाप्तिस्मा एका दारात मिळू लागले की घेणाऱ्याची खरी इच्छा कोणती हे कुणालाच सांगता येत नाही, त्याला स्वतःलाही नाही. पण हेही म्हटलं पाहिजे की त्या पोरांना विचारायला दुसरं कुणी आलं नव्हतं.

त्या धर्मांतरांचे परिणाम अजून संपलेले नाहीत. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. पुढे 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आले नाहीत. एकाच भावकीतल्या दोन घरांना, एक बौद्ध आणि एक ख्रिस्ती, सरकारी कागदावर दोन वेगळी नशिबं मिळाली. नगरी ख्रिस्ती घरांत मुलाच्या दहावीनंतर सगळ्यात अवघड सल्ला जातीच्या दाखल्याचाच असतो. पाळकाकडे त्याचं उत्तर नसतं, तलाठ्याकडेही नसतं.

दरम्यान वाहतूक दुतर्फा झाली. पारनेरचे पांडुरंग महादेव बापट 1904 मध्ये शिष्यवृत्तीवर एडिंबरोला इंजिनिअरिंग शिकायला गेले आणि परतले ते बॉम्बची विद्या घेऊन. पुढचे सेनापती बापट ते हेच. भास्कर पांडुरंग हिवाळे हार्वर्डला शिकले आणि 1947 मध्ये त्यांनी अहमदनगर कॉलेज काढलं. 1970 मध्ये उत्तर भारतातल्या अनेक चर्चेसचं मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, आणि अमेरिकन मिशनच्या जुन्या मंडळ्या त्यात गेल्या.

आता पारनेरच्या शेतकऱ्याचा सल्लागार कोण? कृषी सेवा केंद्राचा दुकानदार. कांद्यावर करपा आला, वाटाण्यावर मावा आला की त्यालाच फोटो दाखवायचा. औषध सांगणारा तोच आणि विकणाराही तोच. 1875 चा सावकार आणि हा यांत फरक आहे, पण सल्ला आणि गल्ला एकाच हातात असणं जुनंच आहे.

या तालुक्याने वेगळं काही करून दाखवलं ते पाण्यात. 1975 नंतर राळेगणसिद्धीत अण्णा हजाऱ्यांनी पुरंदरच्या विलासराव साळुंख्यांच्या कामाकडे पाहून बांधबंदिस्ती केली. चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान ही पंचसूत्री गावाने पाळली. त्याच जिल्ह्यात एक स्विस जेझुइट फादर काम करत होते, हर्मन बाखर. 1948 मध्ये भारतात आलेले. शेतकरी त्यांना हरिभाऊ म्हणत. 1972 चा दुष्काळ त्यांनी इथेच पाहिला. पुढे इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रम उभा राहिला आणि 1993 मध्ये क्रिस्पिनो लोबो यांच्यासोबत त्यांनी ‘वॉटर’ ही संस्था काढली. तिच्या कामाची पद्धत मला फार महत्त्वाची वाटते. गावाने आधी श्रमदान करून दाखवायचं, मग पैसा. पाणलोट समिती ग्रामसभेतून. आणि आराखडा ऑफिसात बसून करायचा नाही. संस्थेचा माणूस प्रत्येक गटात जातो, शेताच्या मालकाला बांधावर उभं करतो, घरच्या बाईलाही बोलावतो, आणि विचारतो: पाणी कुठून येतं, माती कुठे वाहते, इथे ताल घालू का झाड लावू? बांध घातला तर वहिवाटीची वाट अडेल का, हे कुठल्याही नकाशात नसतं. ते त्या घरालाच ठाऊक असतं. कामाला वेळ लागतो, भांडणंही होतात. भावाभावांची मोजणी नव्याने निघते.

बाखर 2021 मध्ये वारले. संस्था आता इथलीच माणसं चालवतात. नगर जिल्ह्यातल्या काही गावांत त्यांनी हवामान मोजणारी स्वयंचलित यंत्रं बसवली. पाऊस, वारा, दमट हवा यांवरून त्या आठवड्यात फवारणी करायची का थांबायचं याचा सल्ला शेतकऱ्याच्या मोबाईलवर मराठीत जाऊ लागला, आणि ज्यांच्याकडे फोन नव्हता त्यांच्यासाठी गावात फलकावर लागू लागला.